गोदामांच्या गावात आठवड्याचे जेवण

काल्हेरमध्ये राहून स्वस्त, पौष्टिक आणि आगाऊ तयार असलेले जेवण जेवायचे असेल, तर प्रचलित पद्धतीची पहिली पायरी पाकिटातून जाते. रविवारी सकाळी एकसारखे 21 काचेचे डबे घ्यावेत, त्यांत किन्वा आणि ब्रोकोली रंगसंगती साधून भरावी, आणि झाकण लावण्यापूर्वी फोटो काढावा. इथवर येईतो महिन्याच्या किराण्याचे पैसे संपतात. खर्च आपोआप आटोक्यात येतो, शिवाय उपवासही घडतो. ज्यांना एवढे आरोग्य झेपणार नाही, त्यांनीच पुढे वाचावे.

दुसरी पायरी म्हणजे खिडकीबाहेर पाहणे. ठाणे-भिवंडी रस्त्यालगत एवढी गोदामे आहेत, तरी त्यांचा साधा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात शिरत नाही: टिकणाऱ्या मालाला छप्पर पुरते, नाशवंत मालाला शीतगृह लागते. शिजवलेले अन्न दुसऱ्या जातीचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ते खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि थंड ठेवायचे तर पाच अंशांखाली ठेवावे. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू तर शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत राहिला की ते पुन्हा वाढीला लागतात. संध्याकाळच्या वाहतूक कोंडीत कशेळीहून अंजूरफाट्याकडे निघालेल्या माणसाला दोन तासांची ही मुदत फार उदार वाटणार नाही. म्हणून नियम असा की स्वयंपाक साठवू नये, स्वयंपाकाची तयारी साठवावी.

हे शास्त्र या पट्ट्याला नवे नाही. आगरी-कोळी घरांत पावसाआधी आगोट भरली जाते: सुकट, बोंबील, सोडे, वाल, चिंच, कांद्याच्या माळा, वर्षाचा मसाला. वाळवलेल्या मालात जिवाणूंना लागणारे पाणीच उरत नाही, त्यामुळे विजेचे बिलही येत नाही. याचीच आठवडी आवृत्ती करावी. रविवारी मूग-मटकी भिजवून मोड काढावेत, वाटण करून फ्रीजमध्ये ठेवावे, जवळा निवडून कोरडा भाजून बरणीत भरावा. मग रोज फक्त भाकरी थापायची आणि उसळ फोडणीला टाकायची.

यावर आक्षेप येतील. सुक्या मासळीत मीठ फार, असे म्हणतील. खारवलेल्या मासळीपुरते ते खरे आहे, आणि दिवसाला पाच ग्रॅमांच्या आत मीठ ही त्याच संघटनेची मर्यादा काही मोठी नव्हे. अशी मासळी भिजवून पाणी ओतून द्यावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. पालेभाजीचे काय? ती साठवायचीच नाही, आठवड्यातून दोनदा ताजी आणायची. सुक्या मासळीचा सोसायटीत वास सुटतो, या तक्रारीवर आहारशास्त्राकडे उपाय नाही. शेजाऱ्यांना जेवायला बोलवावे. वजनदार आक्षेप एकच: या सगळ्याला वेळ लागतो. लागतोच, आणि आगोट स्वस्त पडली ती बायकांच्या श्रमाचे पैसे कुणी मोजले नाहीत म्हणूनही. तेव्हा शेवटची पायरी सक्तीची आहे: जो जेवणार, त्याने रविवारी जवळा निवडायला बसावे. ती गाळायची असेल, तर या पद्धतीला स्वस्त म्हणू नये.