कळसूबाईला कोण पोचलं?

अहो, ऐकलंत का? दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सोसायटीची मंडळी कळसूबाईला गेली होती ना, त्यातलं खरं काय ते आज कळलं. ग्रुपवर शिखरावरचे फोटो आले, ते पाहिलेत तुम्ही. पण त्यात सेक्रेटरीसाहेब कुठे दिसले का? शोधा, शोधा...

निघताना काय तो थाट! कोरे करकरीत बूट, त्या घडीच्या काठ्या, पाठीवर ही एवढी सॅक. "१६४६ मीटर म्हणजे काहीच नाही, रोज टेकडी चढतो मी," हे पायथ्याचं बारी गाव येईपर्यंत गाडीत चारदा ऐकवलं म्हणे. आमची लेक होती ना मागच्या सीटवर. आणि तळमजल्यावरच्या वहिनींना काय म्हणाले माहितीये? "तुम्ही आपल्या गावातच थांबा, साडीत शिड्या जमायच्या नाहीत." सगळ्यांसमोर! वहिनींचा चेहरा एवढासा झाला. आणि नवरा शेजारी बसून चिवडा खातोय. एक शब्द नाही बोलला. मला तर त्या माणसाचं पहिल्यापासूनच... जाऊ दे.

तर काय सांगत होते, हां, शिड्या. सुट्टीतली तोबा गर्दी, चढणारे-उतरणारे एकाच ठिकाणी अडकलेले. साहेब पाच-सहा पायऱ्या चढले, सहज खाली बघितलं आणि संपलं! दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे गच्च मिटले. मागून पोरं ओरडतायत, "काका, चला ना!" काका हलतील तर शपथ. शेवटी लिंबूसरबत विकणाऱ्या गावातल्या मावशी आल्या आणि "बाबा, खाली बघू नको, एक पाय मागं घे" म्हणत उतरवलं त्यांना. मग तिथेच बसले सरबत पीत. गुडघा धरला म्हणे. गुडघा कसला डोंबलाचा!

आणि आपल्या वहिनी? पदर खोचला, पायात मुलाचे शाळेचे जुने बूट, आणि चढल्या की सरसर! वर विहीर आहे ना, तिथे घोटभर पाणी प्यायल्या आणि सगळ्यांच्या आधी देवळात. पिशवीत खण-नारळ होता, कोणाला पत्ता नाही. खाली भंडारदऱ्याचं पाणी, समोर अलंग, मदन, कुलंग... लेक म्हणाली, वहिनी बघतच राहिल्या नुसत्या.

पण खरी गंमत खाली आल्यावर. बारीत पिठलं-भाकरीची पंगत बसली आणि वहिनींनी विषय काढला कळसूचा. जिचं वर देऊळ आहे ती कोळ्याची पोर हो, केर-भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिली होती, ती. एक दिवस घरच्यांनी भांडी घासायला लावली, तशी उठली आणि कायमची डोंगरावर गेली! वहिनींनी हे सगळं नवऱ्याकडे बघत सांगितलं, अगदी शांतपणे. त्याचा घास हातातच राहिला. सेक्रेटरीसाहेब कांदा फोडण्यात एकदम बिझी.

आता पुढचं कोणाला सांगू नका. परवा मी दोरीवरचे कपडे काढत होते, मुद्दाम नव्हते हो बघत, तर वहिनींच्या स्वयंपाकघरात लाइट चालू. नवरा सिंकपाशी, बाह्या वर करून, करपलेला कुकर घासतोय! आणि वहिनी बाहेर टीव्हीसमोर, पाय स्टुलावर...

श्श! त्याच येतायत. काय वहिनी, पाय दुखायचे थांबले का?