डाव्या कुशीचा मामला

हॅमॉक मी घेतलं ते झोपायला नव्हे, फोटोला. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, मान्य फक्त मला नाही. दोन झाडांमध्ये लटकलेला, एक पाय खाली सोडलेला, छातीवर उपडं पुस्तक ठेवलेला माणूस फार तर पंचेचाळिशीचा वाटतो अशी माझी समजूत आहे. केसांचा कलप जिथे कमी पडतो, तिथून पुढचं काम नायलॉननं करावं एवढीच माफक अपेक्षा होती. हिवाळ्यात मित्रांबरोबर गंगरेल धरणाच्या काठी मुक्काम ठरलाय. त्याची तालीम म्हणून रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या अंगणात, आंबा आणि जांभळाच्या मध्ये, भर मे महिन्यात ते बांधलं.

फोटो झकास आला. मग झोप आली आणि पंचाईत झाली.

मी कुशीवर झोपणारा. उताणा झोपलो तर माझ्याच घोरण्यानं मला जाग येते. हॅमॉकमध्ये लांबीला धरून सरळ पडलं की अंगाचं केळं होतं, आणि त्या केळ्यानं कुशीवर वळायचं म्हटलं की खांदा कानाशी येतो, गुडघे कापडाला अडतात आणि कंबर तिसऱ्याच दिशेला निघते. जाणकार म्हणतात, सरळ झोपूच नका. दोर जमिनीशी साधारण तीस अंशांत बांधा, कापडाला भरपूर झोळ द्या आणि मधल्या रेषेला तिरके पडा, डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या. मग कापड ताणून सपाट होतं आणि कुशीवर वळता येतं. गुडघ्यांमध्ये छोटी उशी घेतली तर आणखी बरं. कोलंबसाला १४९२ साली बहामा बेटांवर लोक अशा जाळ्यांत निजलेले दिसले. पुढे इंग्रजांच्या आरमारानं तीच युक्ती उचलली आणि एका खलाश्याला टांगायला जागा दिली चौदा इंच! तिथे कसलं तिरकं आणि कसली कूस. मी मात्र जन्मभर बँकेत खातेवह्या सरळ रेषेत भरल्या. रकान्याबाहेर आकडा गेला तर मला ताप यायचा. दोन झाडांमध्ये दोर सरळ असताना त्यात वाकडं निजायचं, हे रक्तातच नाही.

बरं, कूसही कुठली तरी चालत नाही, डावीच लागते. याला कारण बासी. रायपुरात राहून ज्यानं बासी खाल्ली नाही त्याचा उन्हाळा फुकट गेला. ताज्या भातात पाणी घालून खाल्लं तर ते बोरे, रात्रभर मुरू दिलं तर बासी. वर मीठ, सोबत कांदा, हिरवी मिरची, जमलं तर दही. २०२२ साली राज्य सरकारनं एक मेला सगळ्यांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं, तेव्हा साहेबलोकांनी ती खातानाचे फोटो टाकले. (म्हणजे फोटोसाठी काहीही करणारा मी एकटा नाही.) आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी हिला नाकं मुरडली जात. दहीभात कालवणाऱ्यांनी बासीला नाकं मुरडावीत, याला काय म्हणावं! पारा पंचेचाळिसाकडे निघाला की कांद्याचा कचका, मिरचीचा झटका आणि मागून ते गार, किंचित आंबूस पाणी. दुसऱ्या वाडग्यानंतर जगात कुणाशी वैर उरत नाही. फक्त पोटात एक तळं उरतं. ते तळं घेऊन उताणं पडलं की श्वास लागतो, उजवीकडे वळलं की ते घशाशी येतं. आजीनं घालून दिलेली डाव्या कुशीची शिस्त मला बासीनं पटवली.

शेजारचा जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट उठताहेत. चार-पाच रेजा, म्हणजे मजूर बायका, कामाला आहेत. त्यातली एक रोज सकाळी तळमजल्याच्या दोन बल्ल्यांना जुनं लुगडं बांधते आणि पोराला त्यात घालते. भिंतीवरून मी बघितलं. पोर तिनं लांबीला नाही, तिरकं ठेवलं. डोकं या काठाला, पाय त्या. पोरानं लगेच कूस घेतली, गुडघे पोटाशी ओढले. तिनं लुगड्याचा मोकळा पदर दुमडून त्याच्या पाठीशी खोचला, दोनदा हलवलं आणि घमेलं उचलून वर गेली. कोन मोजला नाही, काही नाही.

मग सिमेंटची गाडी आली आणि धुळीत झोळी दिसेनाशी झाली. पोर खोकलं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. लहान मुलांसाठी वेगळी खोली हवी असं त्यात लिहिलं होतं, पण पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तेव्हाच. चार-पाच बायकांच्या पोरांना धूळ लागत नसावी. आकडे रकान्यात चोख बसवायची माझी हौस त्या सकाळी पार उतरली.

दुपारी हॅमॉक सोडलं, घडी घातली आणि भिंतीवरून तिच्यापुढे धरलं. पोराला घे, म्हटलं, चांगलं मजबूत आहे, दीडशे किलो पेलतं. शिवाय आमच्या अंगणात सावली आहे, इकडे बांध. तिनं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, तोंडाशी नेऊन त्यातून फुंकर मारली आणि परत दिलं.

"एमा लइका ला पसीना आही, बबा."

सावलीला तिची हरकत नव्हती. लुगडं आता आंबा आणि जांभळाच्या मध्ये बांधलेलं असतं. नायलॉनमधून वारा जात नाही हे तिचं म्हणणंही बिनतोड, मला ते पाठीवरच्या घामोळ्यांनी आधीच सांगितलं होतं. पण 'बबा'? इथे बबा आजोबाला म्हणतात. आदल्याच रविवारी कलप लावलेला होता. सौभाग्यवती खिडकीतच उभ्या होत्या आणि त्यांना छत्तीसगढी माझ्याहून चांगली येते.