मोटार भरून मिळेल

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पिकअप बंद पडलाय." मी हादरलोच. आमच्या संभाजीनगरात पिकअप म्हणजे पहाटे जाधववाडीच्या मंडईत मेथीच्या जुड्या घेऊन शिरणारी गाडी. "कुठे ठोकलास रे?" "ठोकला नाही हो, गिटारचा पिकअप! आवाजच येईना."

गिटारलाही पिकअप असतो, हे मला त्या दिवशी कळलं. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत चिमूटभर वीज जागी होते, आणि तीच पुढे अँप्लिफायरमधून शेजाऱ्यांना जागं करते. म्हणजे ही तर आपल्या बोअरच्या मोटारीची चुलतबहीण! मग आम्ही तो काडेपेटीएवढा ऐवज घेऊन थेट 'मोटार भरून मिळेल' अशी पाटी असलेल्या दुकानात. (आमच्याकडे पाणी भरता भरता मोटार जळते आणि मग मोटारच भरावी लागते.) मिस्त्रींनी सवयीने विचारलं, "किती एचपीची?" मग चष्मा कपाळावर चढवून तुटलेली तार पाहिली. "साहेब, ही आमच्या बोटांत टिकायची नाही. हिमरू विणणाऱ्याकडे न्या."

परतताना भाच्याने ब्रायन मेची कथा लावली. 'क्वीन'चा गिटारवाला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला, तेव्हाचा फारुख बलसारा, म्हणून आपलाही थोडा हक्क पोचतो. तर 1963 मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनला हवी होती तशी गिटार घरच्यांना परवडेना. त्याचे वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. बापलेक घरातच कामाला लागले आणि दोनेक वर्षं लागलेच होते. गिटारची मान शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून निघाली. तिला वाळवीसारख्या किड्याने पाडलेलं भोक होतं, ते आगकाडी ठोकून बुजवलं. जुन्या टेबलाचं ओक, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, पट्टीवरच्या ठिपक्यांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. स्वर हेलकावणाऱ्या दांडीच्या टोकाला तिच्याच विणायच्या सुईचं टोक.

मला हे ऐकताना आमचा माळा दिसत होता. चेतकची स्प्रिंग, पाट्याची फुटकी बाजू, बिनचाव्यांची कुलपं, वडिलांचं एकच वाक्य, "असू दे, लागेल कधीतरी." पन्नास वर्षांत काही लागलं नाही. हॅरोल्डसाहेबांना मात्र लागलं. फरक माळ्यात नसावा.

ब्रायनने पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते. आवाज छान, पण तार बोटाने बाजूला ओढली की खरखर. छोट्या चुंबकांची उत्तर-दक्षिण टोकं आळीपाळीने वर आलेली, आणि तार एकावरून दुसऱ्यावर सरकली की भांडण. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले. मोठ्या आवाजात तेही शिट्ट्या मारू लागले, म्हणून त्यांच्यात अराल्डाइट ओतलं. अराल्डाइट! ज्याने आमच्या घरात कुकरच्या मुठीपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं चिकटलं, त्याच दोन नळ्या. रॉक संगीताबद्दल मला त्या क्षणी प्रथमच जवळीक वाटली. तीच गिटार तो आजही वाजवतो, तीही तारा छेडायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. मधेच भाचा म्हणाला, "आई, तो 2007 मध्ये खगोलशास्त्रात पीएचडीसुद्धा झाला." "मग तूही आधी ती कर," ताई म्हणाली. तेवढ्यात आमच्या दोघांची नजर माळ्याच्या शिडीकडे गेली.

ताई उठली, आत गेली. विणायच्या सुया मोजल्याचा आवाज आला, आणि मग कपाटाला कुलूप लावल्याचा.