शुभ सकाळ, टू बीएचके अवेलेबल

मध्यमवर्गीय माणूस घर घेतो ते आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, आणि मग वीस वर्षं हप्ते भरत बसतो. म्हणजे एजंटाने ज्याच्याशी नातं जोडायचं, त्याला एजंटाची गरज उभ्या जन्मात दोन-चार महिनेच पडणार, आणि ते महिने कुठले हे खुद्द त्या माणसालाही आधी ठाऊक नसतं. या धंद्यातली सगळी अडचण एवढ्यात आली. पूर्वी तिच्यावरचा उपाय ठरलेला होता: नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टेबल, मागच्या खिळ्यांवर टांगलेल्या किल्ल्या, आणि आसपासचे वॉचमन, इस्त्रीवाले, पानवाले यांच्याशी चहापुरती ओळख. कुठल्या बिल्डिंगमधला मुलगा अमेरिकेला चालला, कुठल्या घरात भावाभावांचं वाटणीवरून बिनसलं, याची खबर आधी एजंटाला आणि मग नातेवाइकांना लागायची. ही पद्धत अडाणी मुळीच नव्हती. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की नोकरीची खबर माणसाला जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून जास्त लागते. कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. घराचंही तसंच. आता वॉचमन कंत्राटी झाले, महिन्या-दोन महिन्यांत बदलू लागले, आणि ती लांबची ओळख व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर राहायला गेली. नवोदित एजंटांनी ती तिथे कशी कमवावी, याचं हे मार्गदर्शन. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्यावी: नातं जोडणं आणि माहिती देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि प्रचलित शास्त्राप्रमाणे पहिलं साधायचं असेल तर दुसरं शक्यतो टाळावं.

नात्याची पायाभरणी फोन नंबरात आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमधून २५६ जणांना एकदम निरोप धाडता येतो; पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. नवशिक्यांना हे कळत नाही. ते कुठल्यातरी गृहप्रदर्शनातल्या नोंदवहीचे फोटो काढून आणतात, शेकडो नंबर लिस्टमध्ये भरतात आणि उत्तर का येत नाही म्हणून नेटवर्कला दोष देतात. तेव्हा सगळं कसब समोरच्याच्या फोनमध्ये आपलं नाव शिरवण्यात आहे. नाव कसं शिरलंय याला महत्त्व नाही. घर शोधणाऱ्या कुठल्याही माणसाचा फोन उघडला तर त्यात ‘ब्रोकर वाकड’, ‘ब्रोकर वाकड २’, ‘फ्लॅटवाला पांढरी गाडी’ आणि ‘उचलू नये’ अशा नोंदी सापडतात. मानी माणसाला शेवटची नोंद लागेल. शास्त्र मात्र तिला नात्यातच धरतं, कारण ‘उचलू नये’ यांचं स्टेटसही त्या माणसाला चोवीस तास दिसत राहतं, आणि कुणी पाहिलं याची यादी एजंटाला मिळते. ती यादी रोज रात्री वाचावी. सहा महिने न फिरकलेला माणूस सलग चार रात्री आपलं स्टेटस बघत असेल, तर त्याच्या घरमालकाने भाडं वाढवलंय किंवा सासूबाई कायमच्या राहायला येताहेत. पुढच्या सकाळी त्याला ‘सहज आठवण आली’ असा मेसेज जावा.

आता शुभेच्छा. यावर हसण्याची फॅशन आहे, पण मुळात दुसरा पर्यायच नाही. ज्याला आज घर नको त्याच्याशी वर्षभर बोलायचं तर बोलणार काय? म्हणून कॅलेंडर. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे बुकिंगचे दिवस, तेव्हा शुभेच्छेखाली फ्लॅट येणारच. खरी परीक्षा पितृपक्षात. त्या पंधरवड्यात टोकन द्यायला कुणी धजत नाही. अशा वेळी निखळ प्रेमाचे संदेश पाठवावेत, म्हणजे घटस्थापनेला ते वसूल होतात. थोरामोठ्यांचं निधन झालं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तासाभरात गेली पाहिजे. त्या चित्राची मांडणी आता ठरून गेली आहे: डावीकडे दिवंगतांचा गोल फोटो, उजवीकडे हात जोडलेला, कोट घातलेला एजंट, जरा मोठा, खाली मोबाइल नंबर आणि ‘वन, टू, थ्री बीएचके, रिसेल, रेंटल’. चौकातल्या फ्लेक्सवर वाढलेल्या महाराष्ट्राला यात काही वावगं दिसत नाही. महिला दिनी मात्र एक धोका असतो. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ही गोष्ट शुभेच्छेत घालायचा मोह होतो. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर ती सत्तर हजार रुपये होते. मोह आवरावा. एकदा वाचकाला आपल्या मेसेजमध्ये कामाचं काही असतं अशी सवय लागली, की गुलाबाच्या फुलावर भागत नाही.

किमतीचा प्रश्न याहून नाजूक. फेसबुकवर फ्लॅटचे बारा फोटो टाकावेत, त्यातले तीन जिमचे आणि एक जवळच्या मॉलचा असावा. किंमत टाकू नये. खाली लोक ‘किंमत?’ विचारतील. प्रत्येकाला ‘इनबॉक्स चेक करा’ म्हणावं, इनबॉक्समध्ये ‘आपला नंबर द्या’ म्हणावं, नंबरवर ‘साइट व्हिजिटला कधी येताय?’ म्हणावं. यावर आक्षेप असा, की याने माणूस वैतागतो. वैतागतो खरा, पण किंमत सांगितली तर तो तिथेच हिशेब करून मोकळा होतो, आणि संभाषण संपलं म्हणजे नातं संपलं. या विचाराला अर्थशास्त्राचाही आधार काढता येतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन सांगितलं होतं, की विकणाऱ्याला मालाची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा सगळ्याच मालाकडे संशयाने बघू लागतो आणि चांगला माल बाजारातून उठतो. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामामुळे होता. अकेरलॉफ यांना ही बाजाराची दुर्दशा वाटली. आमच्या शास्त्राने तीच मिळकत मानली: दोघांतल्या एकाला ठाऊक नसणं, यावरच तर मधल्या तिसऱ्याचं पोट.

‘पण आता रेरा आहे,’ असं कुणी म्हणेल. आहेच. २०१६ च्या या स्थावर संपदा कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला बंदी घातली, आणि १ मे २०१७ पासून महारेराचा कारभार सुरू झाला. २०२३ मध्ये तर एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायला लावली. जन्मभर लोकांना ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत आलेली माणसं परीक्षा केंद्रावर ओळखपत्र घेऊन रांगेत उभी राहिली. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही हवा, नसला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. हे वाचून नवोदितांनी घाबरू नये. कोड छापील जाहिरातीतून सहज स्कॅन होतो. पण जाहिरात आता ज्या फोनवर बघायची त्याच फोनने कोड धरायचा कुठे? माणूस स्क्रीनशॉट काढणार, तो दुसऱ्या ॲपमध्ये उघडणार, तोवर रील संपून पुढची पावभाजीची सुरू होते. कायदा मोडायची गरजच पडत नाही.

रीलचं तंत्र वेगळं सांगायला नको: सकाळचा ड्रोन, रुंद लेन्स, रिकामी खोली, खोलीतून धावत जाऊन बाल्कनीत थांबणारी मुलगी. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे वाक्य पहाटे चारला रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलने गेलेल्या माणसाच्या वेळेशी ताडून बघावं, म्हणजे मनाला लागत नाही. इथे एक मूलभूत विचार मांडायला हवा. रेराने घर कार्पेटवर विकायला लावलं. बाहेरच्या भिंतींच्या आतली, घरात वापरता येईल तेवढीच जागा मोजायची. त्याआधी जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिळवून सुपर बिल्टअप विकायचे, त्याला धंद्यात लोडिंग म्हणत. घरावरचं लोडिंग कायद्याने काढलं, नात्यावरचं काढलेलं नाही. सोशल मीडियावर जे नातं दिसतं त्यात सुप्रभात, वाढदिवसाचा केक, ‘दादा’, ‘ताई’, ‘फॅमिली मेंबर’ हे सगळं लोडिंग. भिंतीच्या आत माणूस उभा राहील एवढी जागा त्यात किती, ते मोजायला अजून कुठलं प्राधिकरण निघालेलं नाही. तोवर हा माल खुशाल सुपर बिल्टअपच विकावा.

भाड्याच्या घरांत नातं सर्वांत फुलतं, कारण ते दरवर्षी नवं करता येतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार साधारण अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी करून नोंदवावाच लागतो, तेव्हा अकराच्या आकड्याला तसा अर्थ उरलेला नाही; तरी तो सुटलेला नाही, आणि एजंटांनी तो सुटू देऊ नये. पहिल्या महिन्यात गीझर बंद पडला तर एजंट ‘मालकांशी बोला’ म्हणतो. दुसऱ्या ते नवव्या महिन्यात सुविचार. दहाव्या महिन्यात ‘कसे आहात? मुलांची शाळा काय म्हणते?’ हा मेसेज यावा, त्यात शाळेचं नाव बरोबर असावं. अकराव्यात रिन्यूअलचे चार्जेस. आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले म्हणून भाडेकरू तक्रार करू लागला, की निळ्या टिक बंद कराव्यात. शाकाहारी कुटुंबच हवं, एकटी मुलगी नको, अमुक आडनाव नको, असल्या मालकांच्या अटी मात्र लेखी कधीच टाकू नयेत. त्यासाठी ‘सोसायटी जरा स्ट्रिक्ट आहे’ एवढा व्हॉइस मेसेज पुरतो. इथे विनोद करणाऱ्याचीही जीभ अडखळते, कारण घर नाकारलं गेलेल्या माणसाला नकाराचं कारण नंतर कुठेच दाखवता येत नाही.

या सगळ्यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा, की अशाने कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही. लोक म्यूट करतात, ‘नो ब्रोकर प्लीज’ लिहितात आणि शेवटी ओळखीतल्या ओळखीत घर बघतात. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याच्या मागचा पुरावाही मांडतो. काही एजंट असे आढळतात की जे व्यवहार मोडणारे मेसेज पाठवतात. ‘या बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली नाही, बँकेला चालेल पण तुम्ही विचार करा.’ ‘मार्चपासून टँकर येतो, मेंटेनन्समध्ये तो खर्च धरा.’ ‘मालक पंच्याऐंशी सांगतोय, पण घाईत आहे, अठ्ठ्याहत्तरला बसेल.’ यांच्या रीलवर ड्रोन नाही, स्टेटसवर गुलाब नाही. पण त्यांचा नंबर मात्र हाताने टाइप केलेल्या ओळीसकट पुढे जातो: ‘यांना विचार, तोंडावर सांगतात.’ व्हॉट्सॲपने फॉरवर्डला २०१८ पासून भारतात पाच चॅटची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच चॅटची. माणसाने स्वतः लिहून पाठवलेल्या शिफारशीला मर्यादा कसली? ग्रॅनोव्हेटर ज्या लांबच्या ओळखीबद्दल बोलत होते ती हीच. तिच्यातून खबर जाते, आणि खबर नसेल तर तिच्यातून काही जात नाही. पाचशे सुप्रभातांनी जी जागा तयार झाली नाही, ती गमावलेल्या एका ब्रोकरेजने तयार होते. मार्गदर्शकाला हे मान्य करावं लागतं. फक्त मासिक हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे आणि बिल्डरच्या ऑफिसात आठवड्याच्या व्हिजिटचा आकडा द्यायचा आहे, त्या पोराला हे कुठल्या तोंडाने सांगायचं, एवढीच अडचण. चांगला माल बाजारातून का उठतो, याचं उत्तर इथेही अकेरलॉफकडेच आहे.

मग काय सोशल मीडिया सोडून द्यायचा? तसं कुणी म्हणत नाही. ज्याला अगदीच वेगळं काही करून बघायची खुमखुमी असेल, त्याने आठवड्यातून एक पोस्ट टाकून बघावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू बघता येतो; आपल्या भागातल्या एखाद्या बिल्डिंगमध्ये गेल्या काही महिन्यांत फ्लॅट प्रत्यक्षात कितीला नोंदले गेले, ते घेणाऱ्या-विकणाऱ्यांची नावं वगळून, कार्पेटच्या दराने, साध्या अक्षरांत लिहावं. खाली स्वतःचा रेरा नंबर, ब्रोकरेज किती टक्के आणि दोन्ही बाजूंकडून घेणार की एकीकडून, हेही. पोस्टला हात जोडलेल्या इमोजी फारशा येणार नाहीत. आणि ती टाकण्याआधी समोरच्या नव्या प्रोजेक्टच्या सेल्स मॅनेजरला लिस्टमधून काढायला विसरू नये. त्याचा फोन पंधरा मिनिटांत येतो.