इंग्रजांचा 'इफ'

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा व्हिसा आल्याचं आईनं फोनवर सांगितलं. निघण्याआधी 'इफ' तेवढा नव्यानं शिका. तर्खडकरांच्या पाठमालेतला इथे पुरत नाही.

'इफ' आला की मागून निकाल आलाच पाहिजे, असं तुम्ही वर्गावर वर्ग घोकून घेतलंत. इथली माणसं नुसता 'इफ' म्हणतात आणि गप्प बसतात. दवाखान्यातली बाई ह्यांना म्हणाली, "इफ यू'ड लाइक टु टेक अ सीट." म्हणजे, बसायला आवडत असेल तर... हे म्हणाले, "नको, उभाच बरा आहे." बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हसू जरा आखडतं घेऊन. मागची रांग खाकरू लागली. शेवटी चिन्मयनं शर्ट ओढून बसवलं, "बाबा, ती विचारत नाहीये, सांगतेय!"

तेव्हापासून नातू तुमचा आमचा दुभाषा आहे. 'इफ आय वेअर यू' म्हणजे 'हे करू नकोस'. 'इफ यू से सो' म्हणजे 'काडीचाही विश्वास नाही'. 'इफ यू इन्सिस्ट' म्हणजे 'आग्रहाचीच वाट बघत होतो'. निकालासकट धडधाकट 'इफ' हवा असेल तर रेल्वेत बसा : काही वावगं दिसलं, तर कर्मचाऱ्यांना सांगा किंवा पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा.

ह्या लोकांचा सगळ्यात लाडका 'इफ' मात्र १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगचा. १९९५ साली बीबीसीनं कौल घेतला तेव्हा ब्रिटनची आवडती कविता म्हणून त्याची 'इफ'च पहिली आली. तिच्या दोन ओळी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर खेळाडूंच्या दारावर लिहिल्या आहेत. बत्तीस ओळींत बाप मुलाला अटींवर अटी घालत जातो आणि 'तर' सापडतो थेट शेवटच्या दोन ओळींत. 'पहाटे उठलीस, पाढे म्हटलेस, गणितात पैकीच्या पैकी आणलेस, तर सायकल', हे तुमचंही असंच चालायचं. किप्लिंगचा मुलगा निदान शेवटी पृथ्वीचा धनी तरी होतो. माझी सायकल अजून यायची आहे.

तेव्हा विमानतळावर साहेब म्हणाला, "इफ आय कुड सी युवर पासपोर्ट," तर "तर काय?" असं विचारून त्याचं व्याकरण तपासू नका. मुकाट पासपोर्ट काढून द्या.

आईला नमस्कार.

तुमची,
शुभा