काकांचं वर्ड बंद होईपर्यंत

माजिवड्यात रस्ता खोदणारा एक असतो आणि बुजवणारा दुसरा. पहिल्याचं काम आटोपलं हे दुसऱ्याला कोणी कळवायचं, याचा निकाल अजून लागलेला नाही. तोवर खड्ड्याभोवती पत्रे उभे राहतात, घोडबंदर रोडकडे वळणारी रिक्षा त्यांना वळसा घालते आणि रिक्षावाला जे बोलतो ते छापता येत नाही. संगणकाचंही नेमकं हेच दुखणं आहे. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू करायचा आणि तो बंद झाला की पुढचं काम उरकायचं. ऐकायला सोपं आहे. पण तो बंद झाला हे कळणार कसं?

आमच्या सोसायटीच्या नोटिसांसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. मागणी सेक्रेटरी काकांची. बटण दाबलं की वर्डमध्ये मसुदा उघडावा, काकांनी हवे ते बदल करून वर्ड बंद करावं आणि मग प्रोग्रॅमने जावक नोंद करून दोन प्रती छापाव्यात. दोन अशासाठी, की ए विंगचे लोक बी विंगचा बोर्ड वाचत नाहीत.

जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मधलं ‘शेल’ हे फंक्शन या बाबतीत अगदी निर्विकार. ते वर्ड उघडून देतं, एक आकडा हातावर ठेवतं आणि पुढच्या ओळीवर निघून जातं. काका चष्मा शोधताहेत तोवर नोटीस छापून बाहेर, ‘दिनांक’पुढच्या रिकाम्या जागेसकट.

डॉटनेटमधलं ‘वेट-फॉर-एक्झिट’ याच्या बरोब्बर उलट. वर्ड बंद होईपर्यंत तुमचा प्रोग्रॅम जागचा हलत नाही. पाचेक सेकंद खिडकीने ओ दिली नाही की विंडोज तिच्या मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहून मोकळं होतं. लगेच काकांचा फोन.

‘‘अरे, तुझा प्रोग्रॅम मेला.’’

‘‘मेला नाही काका, तुमची वाट बघतोय.’’

‘‘मग तसं सांगायला नको?’’

सांगायची सोय आहे. ‘एक्झिटेड’ नावाचा इव्हेंट असतो. प्रोसेस संपली की तो येतो, तोवर आपला प्रोग्रॅम इतर कामांना मोकळा. फक्त ‘इनेबल-रेझिंग-इव्हेंट्स’ आधी ‘ट्रू’ करून ठेवावं लागतं, कारण मुळात ते ‘फॉल्स’ असतं. म्हणजे ‘झालं की सांग’ असं बजावलं नाही, तर कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये सोसायटीच्या कमिटीवर काम केलेलं कोणीतरी असणारच. शिवाय निरोप येतो तो दुसऱ्याच थ्रेडवर, आणि तिथून फॉर्मवरच्या साध्या लेबललाही हात लावता येत नाही. ‘इन्व्होक’ करून रीतसर अर्ज द्यावा लागतो.

युनिक्समध्ये पोटची प्रोसेस संपली तरी आई-प्रोसेसने ‘वेट’ करून विचारपूस करेपर्यंत तिची नोंद यादीत तशीच राहते. तिला झॉम्बी म्हणतात. कामगार गेलेले, पत्रे उभे. आईच आधी गेली तर अनाथ पोराला साधारणपणे क्रमांक १ ची प्रोसेस पदरात घेते. आमच्या इमारतीत क्रमांक १ म्हणजे सेक्रेटरी काका. जाताना प्रत्येक प्रोसेस एक आकडा ठेवून जाते, आणि सगळं ठीक असेल तर तो शून्य. शून्य मिळाल्याचा आनंद मला फक्त याच धंद्यात झालेला आहे.

खरी मेख पुढेच होती. काकांच्या वर्डमध्ये पुतणीच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी दिवसभर उघडी असते. आमचा प्रोग्रॅम नवं वर्ड उठवतो. ते बघतं, थोरलं आधीच बसलेलं आहे. फाईल त्याच्या हवाली करून ते तिथल्या तिथे संपतं. इव्हेंट प्रामाणिकपणे येतो, आकडाही शून्य. पाठवला तो माणूस परत आला, काम मात्र भलताच करतोय! विंडोज ११ मधलं टॅबवालं नोटपॅडही हाच खेळ करतं.

तेव्हा प्रोसेसचा नाद सोडून फाईललाच विचारायचं. वर्डमध्ये उघडी असेपर्यंत फाईलला कुलूप असतं, आणि शेजारी ‘~$’ने सुरू होणारी एक लपलेली फाईल बसलेली असते. दर दोन सेकंदांनी कडी वाजवायची. दार उघडलं की काका बाहेर पडले असं समजायचं. चाललं की! अडचण एवढीच, की काका वर्ड बंदच करत नाहीत. खाली पाडून ठेवतात. ‘‘बंद केलं आणि परत लागलं तर?’’ शुक्रवारी पाणी नसल्याची नोटीस शनिवारी छापून आली, तीही काका दुसरंच काहीतरी बंद करायला गेले म्हणून.

शेवटी इव्हेंट, थ्रेड, कुलूप सगळं काढून टाकलं. आता फॉर्मवर एक बटण आहे: ‘सेव्ह केलं, छापा’. वर्ड उघडं असो, झाकलेलं असो, बिघडत नाही. परवा मी कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलेलो असताना फोन आला.

‘‘दाबू का रे?’’

‘‘दाबा, काका.’’

‘‘दाबलं. आता तू सांग, छापून झालं का?’’