व्हॅन तापली, पण कुठे?

मे महिन्यात पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन आलेले कुटुंब प्रवासाची हकिकत सांगायला बसले की त्यातून काही सुटत नाही. आर्थर सीटला वारा किती होता, विल्सन पॉइंटचा सूर्योदय ढगांनी कसा बुडवला, कणसाचे किती पैसे घेतले, हॉटेलात गरम पाणी सकाळी किती वाजता येऊन किती वाजता गेले, सगळे क्रमवार येते. ज्या व्हॅनने सात माणसे, सहा बॅगा आणि चिवड्याचा डबा वर नेऊन पुन्हा खाली आणला तिच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येते: "घाटात तापली होती." कोणत्या घाटात, निघाल्यापासून किती वेळाने, चढताना की चढून थांबल्यावर, पुढे सपाट रस्ता लागला तेव्हा काटा खाली आला की नाही, यांतले अवाक्षर नाही. सोमवारी गॅरेजमध्ये हेच वाक्य पुन्हा म्हटले जाते आणि तेवढ्या आधारावर मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. माझे म्हणणे असे की, तापणाऱ्या व्हॅनच्या दुरुस्तीला पान्याच्या आधी एक बरे प्रवासवर्णन लागते. ज्या भाषेत काशीयात्रेपासून कॅनडापर्यंतची वर्णने ढिगाने लिहिली गेली, तिच्या वाचकांनी गॅरेजच्या दारात इतके मितभाषी व्हावे याचे नवल वाटते.

उदाहरणाला जुनी मारुती व्हॅन घेऊ. ती १९८४ साली आली, १९८८मध्ये तिचे नाव ओम्नी झाले, २०१९मध्ये तिचे उत्पादन थांबले, आणि रस्त्यावरून ती अजून उतरलेली नाही. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे इंजिन बघायचे तर पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आधी उठवावे लागते, आणि इंजिनाला काही झाले तर काट्याच्या आधी ते त्यांना समजते. "अरे, खालून ऊब लागतेय," असे काका म्हणाले की त्यांना पाण्याची बाटली देऊन गप्प बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वास्तविक त्या क्षणी गाडीतले सर्वांत भरवशाचे उपकरण काकाच असतात. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांशही चाकांच्या कामी येत नाही. एक मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. आपण वाईकडे निघालेलो असताना ते पाणी स्वतःच्या वेगळ्याच यात्रेला लागलेले असते: पंपातून सिलिंडरांभोवती, तिथून हेडमध्ये, हेडमधून वरच्या होस पाइपने रेडिएटरमध्ये, आणि जाळीत गार होऊन खालच्या पाइपने परत पंपात. या वाटेवर थर्मोस्टॅट म्हणजे रेल्वेचा फाटकवाला. त्याच्या पितळी डबीत मेण असते. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी अमेरिकेत ही युक्ती काढली. मेण तापून फुगले की दांडी ढकलली जाते आणि झडप उघडते. या जातीच्या इंजिनात झडप ८२ अंशांच्या सुमारास हलू लागते आणि ९५च्या सुमारास पूर्ण उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते. विजेची तार नाही, चिप नाही, पगारवाढीची मागणी नाही.

आता तोच प्रवास नीट लक्ष देऊन करू. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना काटा चढला आणि रांग सुटून वेग घेताच खाली आला, तर संशय पंख्यावर घ्यायचा, कारण उभ्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा ओढणारा तो एकटाच असतो. फ्यूज गेला असेल, मोटर बसली असेल, किंवा पाणी तापल्यावर पंख्याला चालू करणारा स्विच झोपला असेल. उलट रांगेत सगळे ठीक, पण शिरवळच्या सपाटीवर वेगाने जाताना काटा वर सरकू लागला, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही असा अर्थ. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी भरलेल्या असतील, पंपाची पाती झिजलेली असतील, किंवा खालचा होस पाइप इतका मऊ झाला असेल की वेगात पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल. घरून निघून दहा मिनिटेही झाली नाहीत, कात्रजचा बोगदासुद्धा आला नाही, आणि काटा लाल पट्ट्याला भिडला, शिवाय इंजिन बंद करून वरच्या पाइपला जपून बोट लावले तर तो कोमटच, तर मात्र झडप बंद अवस्थेत अडकली असे समजायला हरकत नाही. या एका प्रकरणात थर्मोस्टॅट खरोखर गुन्हेगार आहे. तो उघडा अडकला तर गुन्हा वेगळा असतो: व्हॅन तापतच नाही, काटा तळाशी पडून राहतो आणि सगळे खूश होतात. गळती कुठे दिसत नाही तरी रोज पाणी कमी होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, इंजिन ऑइल दुधाळ दिसते, अशी लक्षणे असली तर हेड गॅस्केटकडे बघायचे. तिथे थर्मोस्टॅट काढून फक्त वेळ जातो. आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीत उसाच्या रसासाठी थांबलो, इंजिन बंद केले, परत चालू केले तेव्हा काटा दोन रेषा वर दिसला, तर बहुधा काहीच बिघडलेले नाही. पंप थांबला की तापलेल्या लोखंडाची उष्णता उभ्या पाण्यात उतरते. दोन मिनिटांत काटा जागेवर येतो. पण घरच्यांच्या स्मरणात "घाटात तापली" म्हणून पक्की नोंद होते ती बहुतेक वेळा याच प्रसंगाची, कारण तेव्हा सगळ्यांचे हात रिकामे असतात.

यावर पहिला आक्षेप घाटाच्या बाजूने येतो: वाईपासून पाचगणीपर्यंत दहा-बारा किलोमीटरांत जवळपास सहाशे मीटर चढायचे, दुसऱ्या गिअरमध्ये, वर सात माणसे, मग तापणार नाही तर काय होईल? प्रश्न रास्त आहे. जोर सगळ्यात जास्त आणि समोरून येणारा वारा सगळ्यात कमी, अशी अवस्था घाटातच येते. पण याच घाटाने शेजारून भरलेली एसटी जाते, तीस वर्षांची टॅक्सी जाते, आणि दोन वर्षांपूर्वी हीच व्हॅन हीच माणसे घेऊन विनातक्रार गेलेली असते. मधल्या काळात घाट वाढलेला नाही. माणसे थोडी वाढली असतील, पण तो विषय घरातल्या घरात मिटवावा. वाढतो तो रेडिएटरमधला क्षार, सैल होतो तो पंपाचा पट्टा, आणि वठते ते झाकणाचे रबर. बाजारहाट आणि शाळेच्या फेऱ्यांत या तिघांची अर्धवट कामगिरी खपून जाते. पसरणीत खपत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप मिस्त्रींचा आणि तो ठाम असतो: "साहेब, हे थंड देशातलं काम. आपल्याकडे थर्मोस्टॅटची गरज काय?" हे ऐकताना मान आपोआप डोलते, म्हणूनच ते तपासून घ्यावे. इंजिनाला ८५-९० अंशांच्या आसपास राहायचे असते, मग बाहेर नागपूरचा मे असो की काश्मीरचा जानेवारी. नागपुरातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळाही इंजिनाच्या हिशेबाने गारठाच आहे. फरक पडतो तो फाटक थोडे लवकर उघडण्याचा. झडप काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरची वारी करू लागते आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन कधी पुरते तापतच नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त पिते; इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर संगणकाला सतत "अजून गार आहे" असे कळवत राहतो आणि संगणक प्रामाणिकपणे जादा पेट्रोल ओतत राहतो. ते नीट न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, ऑइलमध्ये ओल साचते, झीज वाढते. आणि जिथे गाडी तापते तिथे तर या झडपेचा अडथळाही फारसा उरलेला नसतो: पाणी ९५च्या पुढे गेले तेव्हा झडप आधीच पूर्ण उघडी असते.

खरा भक्कम आक्षेप तिसरा: "काढला, आणि तापायची थांबली." अनुभवाला काय उत्तर देणार? उत्तर आहे, फक्त ते दोन भागांत द्यावे लागते. झडप अडकलेलीच असेल तर काढल्याने फरक पडणारच. पण अडकलेले काढून चांगले बसवल्यानेही तोच फरक पडला असता. झडप चांगली असेल आणि तरी काढून थोडा फायदा दिसला, तर त्या मोकळ्या झालेल्या वाटेने चोंदलेल्या रेडिएटरची लाज यंदापुरती झाकली इतकेच. पुढच्या मे महिन्यात तोच रेडिएटर आणखी चोंदलेला असेल आणि तेव्हा काढायला काही उरलेले नसेल. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरी झडप असते, जी गरम झाल्यावर आतल्या आडवाटेचे तोंड बंद करते. तिथे थर्मोस्टॅट काढला तर ती आडवाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच घिरट्या घालते आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटची बाजू घेणारेही एक चुकीचे कारण देतात हे इथेच सांगून टाकतो: पाणी फार जोरात वाहिले तर त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही म्हणे. पण ते जितक्या लवकर बाहेर पडते तितक्याच लवकर पुन्हा आत येते. जोरात वाहण्याने गारव्याचे नुकसान होत नाही.

आणि या सगळ्या वादात कुणी झडप तपासून पाहत नाही, ही खरी गंमत. तपासणीला लागते एक पातेले, एक दोरा आणि शंभर अंशांच्या पुढे मोजणारा थर्मामीटर. तापाचा चालत नाही, तो ४२-४३ला हात टेकतो. पातेले जुने घ्यावे आणि स्वयंपाकघरात परत जाणार नाही असे आधी जाहीर करावे, नाहीतर तपासणीपेक्षा खुलासाच लांबतो. थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर दोन्ही तळाला न टेकता पाण्यात लोंबते ठेवायचे, पाणी सावकाश तापवायचे आणि ढवळत राहायचे. अंगावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास झडप हलली पाहिजे, पूर्ण तापल्यावर आठेक मिलिमीटर उघडली पाहिजे, आणि गार होताना घट्ट मिटली पाहिजे. शेवटचा भाग लोक बघतच नाहीत, कारण तोवर गॅस बंद करून चहा ठेवलेला असतो. एक तळटीप: हा प्रयोग पाचगणीच्या हॉटेलात करू नये. सुमारे तेराशे मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झडप पूर्ण उघडायच्या सुमारास पाणीच हार मानते.

हा ९६चा आकडा तिथेच सोडून देण्यासारखा नाही. रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब ठेवते, झाकणावर ०.९ छापलेले असेल तर सपाटीवर पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर वठले, स्प्रिंग मेली, की हे संरक्षण जाते आणि पाचगणीच्या वळणावर इंजिन त्याच्या नेहमीच्या, अगदी निरोगी तापमानाला असतानाही पाणी उकळून बाहेर येते. घाट पूर्ण निर्दोष नाही तो एवढ्यापुरता. अशा वेळी उत्साही माणूस फडके घेऊन झाकण उघडायला धावतो. त्याला धरून ठेवावे: दाबाखाली शंभराच्या वर गेलेले पाणी दाब सुटताच एकदम वाफ होऊन उसळते. अर्धा-पाऊण तास थांबायचे, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचे नाही; ॲल्युमिनियमचे हेड वाकले की ते घासून सपाट करण्यापासून खर्चाची मोजणी सुरू होते. कूलंटलाही "इथे बर्फ कुठे पडतो?" म्हणून नकार मिळतो. पण त्यातले गंजरोधक आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांना बर्फाची अट नाही, आणि बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये जो थर बसवते तो कुठल्याही चढापेक्षा अवघड असतो. बोरघाटात शिंग्रोबाला नाणे टाकून पुढे जाणाऱ्यांनी ते जरूर टाकावे. क्षार ते बघत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: थर्मोस्टॅट स्वस्त आहे, तपासत कशाला बसायचे, नवाच टाका. सीट उचलून हाउसिंग उघडलेच असेल तर जुना परत बसवण्यात शहाणपण नाही, हे मी मान्य करतो. मजुरी तीच आणि पॅकिंग नवे लागणारच. फक्त नवाही पातेल्यातून काढावा, कारण पुडीतून निघालेली वस्तू चालतेच असा तिच्याशी काही करार नसतो. बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे आणि हवा सोडणारी बारीक पिन असली तर ती वरच्या बाजूला हवी. कूलंट सावकाश भरायचे आणि झाकण उघडे ठेवून, झडप उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालू द्यायचे. आत अडकलेली हवा बुडबुडून निघते तसे आणखी कूलंट ओतायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना पातळी पुन्हा बघायची. म्हणजे दोन दिवसांचे काम झाले, तेव्हा ते सुट्टीच्या आदल्या आठवड्यात करावे; पहाटे पाच वाजता, बॅगा चढवून काकांना पुढच्या सीटवर बसवल्यानंतर नव्हे.